स्टीलचं वेल्डिंग: पत्रा ओळखा, अवजारं निवडा, मगच हप्ता घ्या



पापड, लोणचं, मसाला, दूध संकलन, शालेय पोषण आहार, खानावळ… आपल्या गटांची ही सगळी कामं शेवटी स्टीलच्या टेबलावर आणि मांडणीवरच चालतात. टेबल करायचं म्हटलं की तालुक्याला फॅब्रिकेशनवाल्याकडे जायचं, तो सांगेल तो भाव द्यायचा आणि वर टेम्पोचं भाडं भरायचं. म्हणून बऱ्याच गटांत विषय निघतो, "हे काम आपणच का करू नये?"

करता येतं, नक्कीच येतं. पण लोखंडाचं गेट जोडणं वेगळं आणि स्टीलचं टेबल जोडणं वेगळं. लोखंडाची सवय स्टीलवर चालवली की पत्रा वाकडा होतो, जोड काळा पडतो आणि दोन महिन्यांत तांबडे ठिपके दिसायला लागतात. गिऱ्हाईक परत येतं आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. हा पाठ मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

१. स्टील गंजत का नाही आणि कधी गंजतं?

आपण ज्याला नुसतं "स्टील" म्हणतो ते म्हणजे स्टेनलेस स्टील. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की त्याच्यावर आपोआप एक अतिशय पातळ, डोळ्याला न दिसणारा थर धरतो. दुधावर साय धरते तसाच. ओरखडा पडला तरी हवा लागली की हा थर पुन्हा धरतो. लोखंडाला गंजापासून वाचवतो तो हाच थर. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधताना असं न गंजणारं पोलाद तयार केलं. पुढे त्याचे सुरी-काटे झाले आणि मग भांडी.

म्हणजे स्टीलला गंज लागतच नाही असं नाही. वरचा थर बिघडला आणि त्याला पुन्हा धरायला वाव मिळाला नाही की स्टीलही गंजतं. वेल्डिंगची उष्णता, लोखंडाचा कीस आणि मिठाचं पाणी हे या थराचे तीन मोठे वैरी आहेत. या पाठातल्या बहुतेक सूचना या तिघांपासून थर वाचवण्यासाठीच आहेत.

२. दुकानात पत्रा कसा ओळखायचा?

बाजारात मुख्यतः चार नंबर ऐकायला मिळतात.

- ३०४: यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. खाण्याच्या कामाला हाच घ्यायचा.
- २०२: महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. त्यामुळे स्वस्त पडतं. कोरड्या जागेतल्या रेलिंगला चालतं. ओलावा, मीठ, आंबट पदार्थ असतील तिथं लवकर डाग धरतं.
- ३१६: यात मॉलिब्डेनम असतं. मिठाला जास्त टिकतं. खारवलेलं लोणचं, मासळीचं काम किंवा समुद्रकाठचं गाव असेल तर याचा विचार करा.
- ४३०: निकेल जवळजवळ नसतं. याला चुंबक चिकटतं.

इथं एक गैरसमज दूर करू. "चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४" असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं आहे. चुंबक २०२ लाही चिकटत नाही! उलट अस्सल ३०४ चा पत्रा वाकवला की त्या वाकलेल्या जागी चुंबक थोडं ओढ दाखवू शकतं. म्हणजे चुंबकानं ४३० बाजूला काढता येतं, पण ३०४ आणि २०२ यांतला फरक कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून तपासायचं द्रव बाजारात मिळतं, ते गटानं एक घेऊन ठेवावं. आणि बिलावर "एसएस ३०४" असं लिहून घ्यावंच. दुकानदार लिहून द्यायला का-कू करत असेल तर माल तिथंच ठेवायचा.

दुसरी फसगत जाडीची. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिमी, १८ गेज म्हणजे १.२ मिमी आणि २० गेज म्हणजे ०.९ मिमी. "१८ गेज" सांगून १ मिमीचा पाइप गळ्यात मारला तर हाताला कळत नाही. वजनाला मात्र लगेच कळतं. ही दोन गणितं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

*पत्र्याचं वजन (किलो) = लांबी (मीटर) × रुंदी (मीटर) × जाडी (मिमी) × ७.९३*

*गोल पाइपचं एका मीटरचं वजन (किलो) = (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४९, दोन्ही मापं मिमीत*

दीड इंची, म्हणजे ३८ मिमीचा, २० फुटी पाइप खरंच १.२ मिमीचा असेल तर त्याचं वजन साधारण पावणेसात किलो भरतं. १ मिमीचा असेल तर सुमारे साडेपाच किलोच भरतं. भाव नगावर ठरला असेल तर हा किलोभरापेक्षा जास्त फरक आपल्या खिशातून जातो.

३. आगीपुढं स्टील कसं वागतं?

स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते. साध्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वेगानंच. आणि तापल्यावर ते लोखंडापेक्षा जवळपास दीडपट फुगतं. म्हणजे उष्णता एकाच जागी साचते आणि तेवढाच भाग फुगतो. म्हणून पत्रा पापडासारखा वर येतो. यावर उपाय असे:

१. करंट कमी ठेवा. तेवढ्याच जाडीच्या लोखंडाला लागतो त्यापेक्षा कमी.

२. टाके जवळजवळ घाला. शिवणकामात लांब शिलाई मारण्याआधी आपण कच्चे टाके घालतो तसंच इथं करायचं. पातळ पत्र्यावर दर दोन-तीन सेंटीमीटरवर टाका मारा. आधी दोन टोकांना, मग मध्ये, मग उरलेल्या जागांच्या मध्ये. एका टोकापासून सरळ टाके मारत गेलात तर दुसऱ्या टोकाला फट उघडते.

३. तुकड्या-तुकड्यानं जोडा. इथं दोन इंच, मग पलीकडे दोन इंच. आधीची जागा निवू द्या.

४. मागे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी धरा. ती उष्णता ओढून घेते.

५. फट ठेवू नका. पत्रा नीट कापून बसवला तर निम्मं काम झालं. फट भरायला जादा उष्णता लागते.

जोड कसा झाला ते रंग सांगतो. चंदेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर उत्तम. निळा-जांभळा असेल तर उष्णता जास्त झाली, पुढच्या वेळी वेग वाढवा. राखाडी-काळा आणि खरखरीत असेल तर तिथला संरक्षक थर जळाला आणि तिथं गंज ठरलेला.

आणखी एक गोष्ट डोळ्याला दिसत नाही. स्टील साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये बराच वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून बसतो. मग जोडाच्या कडेनं क्रोमियम कमी पडतं आणि पुढं तिथंच गंज धरतो. म्हणून जाड कामाला "३०४ एल" घेतात. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. रॉडच्या पुड्यावरच्या नंबरात शेवटी "एल" असतं, त्याचाही अर्थ हाच.

४. रॉडनं जोडायचं की आर्गननं?

रॉडचं वेल्डिंग स्वस्तात सुरू होतं, सिलिंडर लागत नाही. पण २ मिमीपेक्षा पातळ पत्र्याला सहज भोक पडतं, शिंतोडे उडतात आणि वरचं कवच ठोकून काढावं लागतं. बाहेरची कामं, जाड पाय, स्टँड यांना हे बरं.

आर्गनचं वेल्डिंग, म्हणजे टिग, पातळ पत्र्यासाठी आणि खाण्याच्या भांड्यांसाठी योग्य. जोड स्वच्छ येतो, शिंतोडे नाहीत. पण हात बसायला वेळ लागतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार, दोन्ही वेगवेगळ्या लयीत चालवायचे. भाकरी थापणारा हात हे लवकर शिकतो, पण रोज सराव हवाच.

लक्षात ठेवायचे नंबर:

- ३०४ ला ३०४ जोडायचं असेल तर रॉड किंवा तार ३०८ एल
- स्टीलला साधं लोखंड जोडायचं असेल तर ३०९ एल
- ३१६ ला ३१६ एल

लोखंडाचा रॉड स्टीलवर कधीही वापरू नका. तो जोड गंजणारच.

डीसी मशीनवर रॉडनं काम करताना रॉडचा होल्डर प्लसला, आणि आर्गनचं काम करताना टॉर्च मायनसला. अडीच मिमीच्या स्टील रॉडला साधारण ५० ते ७५ अँपिअर पुरतात, नेमका आकडा पुड्यावर छापलेला असतो. आर्गनला पत्र्याच्या दर मिलिमीटर जाडीमागे ४० अँपिअरच्या आसपास धरून रद्दी तुकड्यावर आधी करून बघा.

गॅसचा हिशोब सोपा आहे. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर आर्गन असतो. मिनिटाला ७ लिटर सोडला तर १,००० मिनिटं, म्हणजे साडेसोळा तास प्रत्यक्ष वेल्डिंग होतं. कुणी "जास्त गॅस, जास्त चांगला जोड" म्हणून १५ वर ठेवला तर तोच सिलिंडर आठ तासांच्या आत संपतो. शिवाय जास्त जोरानं गॅस सोडला की तो बाहेरची हवा आत ओढतो आणि जोड बिघडतो. पंख्याचा झोतही थेट जोडावर नको.

५. अवजारं: कोणतं आधी, कोणतं नंतर?

कर्ज मंजूर झालं की सगळं एकदम घ्यायचा मोह होतो. तो आवरा. असा क्रम ठेवा.

पहिल्या दिवशी हवं:

- डीसी इन्व्हर्टर मशीन, रॉड आणि आर्गन दोन्ही चालणारं. नुसतं "२०० अँपिअर" वाचून घेऊ नका, "ड्यूटी सायकल" विचारा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालणार, चार मिनिटं विश्रांती. काही स्वस्त मशीनवर मोठा आकडा छापलेला असतो आणि ड्यूटी सायकल मात्र निम्मीच. गावात व्होल्टेज पडतं, तेव्हा किती व्होल्टपर्यंत मशीन चालेल तेही विचारा. आणि दुरुस्ती कुठं होते? पुण्या-मुंबईला पाठवावं लागत असेल तर तेवढे दिवस काम बंद.
- चार इंची ग्राइंडर, शक्यतो दोन. एकावर कापायची, दुसऱ्यावर घासायची डिस्क. दर वेळी डिस्क बदलायचा कंटाळा येतो आणि मग कापायच्या डिस्कनं घासलं जातं. ती डिस्क तशानं फुटते. स्टील कापायला १ मिमीची पातळ डिस्क घ्या. डिस्कवर लिहिलेले फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत, आणि डिस्कवरची मुदत संपलेली नको.
- गुण्या, टेप, पट्टी, आखायची सुई, सहा-आठ सी-क्लॅम्प, व्हाइस. नवीन माणसं यावरच पैसे वाचवतात. पण टेबल डुगडुगतं ते मापामुळे, मशीनमुळे नाही.
- सपाट, जड वेल्डिंग टेबल. हे आपलं आपणच लोखंडात करायचं. तोच पहिला सराव.
- सुरक्षेचं सामान. त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पैसे उरले तर घेऊ, असं याच्या बाबतीत चालणार नाही.

कामं नियमित यायला लागल्यावर: १४ इंची कटऑफ मशीन, उभं ड्रिल मशीन, पॉलिशचं मशीन.

अजून थांबा: पत्रा वाकवायचं मोठं मशीन, पाइप बेंडिंग मशीन. महिन्यातून चार वेळा लागणार असेल तर तालुक्यातून वाकवून आणणं स्वस्त पडतं.

ड्रिलबद्दल एक सूचना. स्टीलला भोक पाडताना ड्रिल नुसतं फिरत राहिलं तर ती जागा आणखी कडक होते आणि मग काहीच शिरत नाही. वेग कमी ठेवा, दाब चांगला द्या, तेल घाला. ८ मिमीच्या भोकाला मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे पुरतात. कोबाल्टचे ड्रिल महाग असले तरी जास्त टिकतात.

६. लोखंडाचं आणि स्टीलचं सोवळं-ओवळं

माणसांमधलं सोवळं आपण सोडलं, ते बरंच केलं. पण वर्कशॉपमध्ये लोखंड आणि स्टील यांच्यात मात्र कडक पाळायचं. लोखंड घासलेली डिस्क, लोखंडी तारेचा ब्रश, लोखंडाचा कीस पडलेलं टेबल यातलं काहीही स्टीलला लागलं की लोखंडाचे बारीक कण त्यात रुततात. पहिल्या पावसाळ्यात तेच कण गंजतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही खोटं स्टील दिलं."

स्टीलच्या ब्रशला आणि डिस्कना हिरवा रंग लावा. डबा वेगळा, शक्यतो कोपराही वेगळा. एका कोपऱ्यात ग्रील घासताय आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्टीलचं टेबल उघडं ठेवलंय, असं नको. झाकून ठेवा.

खाण्याच्या टेबलाचा जोड सलग हवा, घासून गुळगुळीत केलेला. मध्ये फट राहिली की पीठ, मसाला, दूध तिथं अडकतं, कुजतं आणि मग मुंग्या-झुरळं येतात. घासल्यावर बोट फिरवून बघा. नख अडकलं तर फडकंही अडकणार.

जोडाचा काळेपणा काढायला "पिकलिंग पेस्ट" मिळते. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ते नीट शिकल्याशिवाय, खास हातमोजे आणि चष्म्याशिवाय डबा उघडायचा नाही. नवीन गटानं बारीक डिस्क आणि स्टीलचा ब्रश यावरच काम भागवावं.

७. आपलं शरीर हेच पहिलं भांडवल

कपडे. साडीचा पदर आणि नायलॉनची ओढणी वर्कशॉपच्या बाहेर. ठिणगी पडली की नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. जाड सुती सलवार-कमीज किंवा शर्ट-पँट, वर चामड्याचा एप्रन, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. केस बांधून टोपीत. बांगड्या, अंगठ्या, पैंजण, मंगळसूत्र काढून ठेवावं. धातूला विजेचा चटका लागतो आणि ग्राइंडरमध्ये दागिना अडकला तर हातच जातो. घरच्यांना हे समजावून सांगायचं काम ग्रामसंघाच्या ताईंनी सोबत जाऊन करावं. एकटीवर सोडू नये.

डोळे. चेहरा झाकणारं हेल्मेट आणि १० किंवा ११ नंबरची काच. ग्राइंडरला वेगळा पारदर्शक चष्मा. उघड्या डोळ्यानं वेल्डिंग बघितलं तर लगेच काही होत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. तेव्हा बटाट्याचा कीस, दूध किंवा दुकानातले कुठलेही थेंब घालू नका, डॉक्टरकडे जा. आणि मुलांना वर्कशॉपच्या दारात उभं राहू देऊ नका. बघणाऱ्याचेही डोळे जातात.

धूर. स्टीलच्या धुरात क्रोमियमचं एक विषारी रूप असतं, ते लोखंडाच्या धुरात एवढं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातला. म्हणून दार-खिडक्या समोरासमोर उघड्या, धूर बाजूनं ओढून नेणारा एक्झॉस्ट पंखा, आणि तोंडावर किमान एन ९५ दर्जाचा मास्क. साध्या फडक्यानं हा धूर अडत नाही. दूध प्यायल्यानं, गूळ खाल्ल्यानं फुप्फुस धुऊन निघत नाही. गरोदर ताईंनी माप, आखणी, हिशोब, विक्री ही कामं घ्यावीत.

वीज आणि सिलिंडर. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांशिवाय मशीन चालू करायचं नाही. ओल्या जमिनीवर उभं राहायचं नाही. घरगुती मीटरवर धंदा चालवायचा नाही, वेगळी जोडणी घ्या. सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला. आर्गनला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड असतो. टाकीत किंवा बंद खोलीत साचला तर न कळत जीव गुदमरतो. जवळ कडबा, गोणपाट, रॉकेल नको. वाळूची बादली हाताशी हवी.

८. भाव कसा काढायचा?

समजा चार फूट बाय दोन फूट टेबल करायचं आहे. कडा दुमडून १.२ मिमीचा पत्रा सव्वाआठ किलोच्या आसपास लागतो. पाय आणि वर-खाली चौकट मिळून साधारण साडेदहा मीटर पाइप, म्हणजे साडेअकरा किलो. कापण्यातली घट धरून २१ किलो. समजा त्या दिवशी भाव किलोला २५० रुपये आहे, तर नुसता माल ५,२५० रुपयांचा. भाव रोज बदलतो, म्हणून त्या दिवशीचा विचारूनच सांगा.

त्यात गॅस, तार, डिस्क, वीज, भाडं, वाहतूक मिळवा. मग ताईंची मजुरी. ही "घरचंच काम" म्हणून सोडू नका. मग हप्त्याचा वाटा आणि मशीनच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढायची रक्कम. एवढं झाल्यावर जे उरेल तो नफा. मजुरी न धरता काढलेला नफा हा नफा नसतो.

शिकणं आधी, कर्ज नंतर. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, मोफत प्रशिक्षण असतं. वेल्डिंगची तुकडी कधी आहे ते विचारा. मुलींसाठी आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर कोर्स आहे. एखादी ताई स्वतःच्या नावावर धंदा काढत असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. मात्र ते नव्या धंद्यालाच मिळतं. आधी मशीन घेऊन काम सुरू केलं आणि मग अर्ज केला, असं चालत नाही.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या प्रभागात येत्या वर्षात स्टीलची किती टेबलं, मांडण्या, स्टँड लागतील? नावानिशी यादी करा.

२. आपल्या गटात दोघी तरी सहा महिने रोज सराव करू शकतील का? त्या काळात त्यांच्या घरचं कसं भागेल?

३. जवळच्या दुकानातून ३०४ च्या दीड इंची पाइपचा भाव आणि एका नगाचं वजन लिहून आणा. वर दिलेल्या गणितानं जाडी तपासा.

४. जागा, अर्थिंग, धूर जायची सोय यांपैकी आज आपल्याकडे काय आहे आणि काय नाही?

५. मशीनसाठी तीन दुकानांतून लेखी भाव आणा. त्यावर ड्यूटी सायकल आणि दुरुस्तीचं ठिकाण लिहिलेलं असावं.

पहिल्या प्रश्नाची यादी दहा नावांपुढं गेली नाही तर घाई करू नका. लोखंडाच्या ग्रील-स्टँडपासून हात बसवा, स्टील पुढच्या वर्षी. यादी मोठी निघाली तर ती ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत मांडा. दोन-तीन गटांनी मिळून एकच वर्कशॉप काढलं तर मशीनचा खर्चही वाटला जातो आणि कामही.